नळाखालची प्रार्थना

मार्थाबाईंचं नाव आधी लिहिते. काय झालं ते मागून. कारण झालेलं आधी सांगितलं की ऐकणाऱ्याचं तोंड वाकडं होतं, आणि तोंड वाकडं करून बसलेल्या माणसाला मार्थाबाई नीट दिसायच्या नाहीत. उंचीनं माझ्या खांद्याला लागणाऱ्या, पांढरं पातळ, पुढचा एक दात पडलेला, आणि सोड्याच्या पाण्यानं बोटांची टोकं कायम सुरकुतलेली. आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या लहानशा देवळाची झाडलोट त्यांच्याकडे होती. बाकं पुसायची, रविवारी घंटा वाजवायची, महिन्याचं प्रभुभोजन झालं, प्रभूचं रक्त म्हणून सगळ्यांनी द्राक्षरस घेतला, की मागच्या नळावर पेले विसळायचे आणि वेदीवरचं पांढरं फडकं धुऊन वाळत घालायचं. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण गीतं सगळी पाठ. नवरा जाऊन वीस वर्षं झालेली, पोटी मूलबाळ नाही. माझ्या नात्याच्या त्या कुणी नव्हत्या. तरी आज मी दोन घास खाते आणि डोळे मिटून बसू शकते ते त्यांच्यामुळे. एवढं आधी लिहून ठेवलं म्हणजे पुढचं लिहायला हात धजेल.

आज सकाळी भाजीला पंचवटीत गेले होते. गाड्यांवर द्राक्षं आलीत. हिरवी, लांबट, पाणी मारून चकचकीत केलेली. गाडीवाला म्हणाला, "घ्या बाई, बिनबियांची हायेत, तोंडात टाकली की गायब." आणि एक मणी माझ्यापुढे धरला. त्याच्या अंगठ्याच्या नखात काळं होतं. मी मान हलवून पुढे गेले. पण वास मागे आलाच. या दिवसांत तो सगळ्या नाशकात असतो. पेट्या भरून गेलेल्या ट्रकांच्या मागे, गटारीच्या कडेला फेकलेल्या फुटक्या मण्यांत, आंबूस, गोड, चिकट. लोकांना तो हंगामाचा वास वाटतो. माझ्या जिभेच्या मुळाशी पाणी सुटतं आणि ते भुकेचं नसतं. दहा वर्षं झाली, तरी सुटतं.

माझं माहेर जालन्याच्या पलीकडे. मनमाडला गाडी बदलायची, मग लहान रुळांवरून रखडत जायचं. सहावीत असताना आई आजारी पडली आणि माझी शाळा सुटली ती सुटलीच. धाकटी तीन भावंडं मी वाढवली. त्यांचं हगणं-मुतणं, खरूज, डोक्यातल्या उवा, उलट्या, सगळं या हातांनी काढलं, आणि हात पदराला पुसून त्याच हातांनी भाकरी थापली. किळस म्हणून काही असते हे मला माहेरी ठाऊक नव्हतं. ती मी नाशकात येऊन शिकले. शाळा सुटलेल्या माणसाला पुढचं शिक्षण असं कुठूनही मिळतं.

आमचे हे एका छापखान्यात अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवायचे. घरी आले की अंगाला शाईचा आणि रॉकेलचा वास. सासूबाई, हे आणि मी, दोन खोल्या. लग्नाला सहावं वर्ष लागलं होतं. पहिली दोन वर्षं लोक हसून विचारत. मग नुसतं पोटाकडे बघत. चौथ्या वर्षापासून हात लावायला लागले. प्रार्थनेच्या निमित्तानं. गुरुवारी कुणाच्या तरी घरी प्रार्थना असे, आणि शेवटी कुणीतरी म्हणायचंच, "आपली सुशीला बहीण, तिच्या कुशीसाठी." मग मला मध्ये बसवायचं. भोवती बाया. एकेक हात येऊन पोटावर बसायचा. कुणाचा घामट, कुणाचा मसाल्याचा, कुणाचा नुकताच नाक पुसलेला. प्रार्थना लांबत जायची, हात जड होत जायचे. मी डोळे मिटून मोजत बसायची, किती हात आहेत ते. बायबलातल्या ज्या वांझ बायांना शेवटी मुलगे झाले त्यांच्याच गोष्टी सगळे मला सांगत. ज्यांना झाले नाहीत त्या घरी गेल्या, त्यांच्या मागे कुणी लिहायला गेलं नसेल.

हंगामात मी मखमलाबादला एका बागेवर कामाला जायची. सकाळी गंगेचा, म्हणजे गोदावरीचा, पूल ओलांडून चालत निघायचं, दव पडलेलं असे. शेडमध्ये आम्ही दहा-बारा बाया ओळीनं बसून घड साफ करायचो. डाव्या हातानं देठ धरायचा, उजव्या हातात बारीक टोकाची कात्री. फुटका, सडका, बारका मणी आतून अलगद कापून पाडायचा. मण्याला बोट लावायचं नाही. त्याच्यावर पिठासारखी जी पांढुरकी लव असते ती बोटानं पुसली की घड जुना दिसतो, मुंबईचा व्यापारी घेत नाही. "देठ, बायांनो, देठ," मुकादम दिवसभर ओरडत फिरायचा. मला त्या कामात बरं वाटे. इतक्या जपून धरलेलं काहीतरी माझ्या हातात असे.

शेजारी हौसाबाई बसायची, म्हसरूळची. तोंडाची फटकळ, मनाची नव्हे. एकदा घड उचलून म्हणाली, "बघ सुशे. बी नाय ह्याच्यात. तरी लोकं जास्ती भाव देऊन घेत्यात. अन् बाईला बी नसलं तर फुकट बी कोन ठेवत नाय." सगळ्या हसल्या. मी पण हसले. हसता हसता कात्री बोटात गेली.

त्या साली उपासकाळ, ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस, आणि हंगाम एकदमच आले. मंडळीत कुणी चहा सोडला, कुणी मटण सोडलं. सासूबाईंनी सकाळचं जेवण सोडलं, माझ्यासाठी. तसं त्यांनी सगळ्यांना सांगितलंही. मला त्यांचा राग येत नसे, भीती वाटायची. इतकी सगळी माणसं माझ्यासाठी उपाशी राहतायत आणि मी काहीच देत नाही, असं.

एक दिवस कामावरून आले तर सासूबाईंनी केळं सोलून हातात दिलं. "खा. भाताआधी खा, उपाशीपोटी." असं त्या कधी करत नसत. मी खाल्लं. मध्येच दाताखाली काहीतरी आलं, वाळक्या चामड्याच्या तुकड्यासारखं. मी थांबले. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. "गीळ," म्हणाल्या. "चावू नको." मी गिळलं.

दोन दिवसांनी पाणी भरताना पलीकडची सुमन भेटली. ती नुकती बाळंत झाली होती, पहिला मुलगा. घागर कडेवर घेत ती सहज म्हणाली, "लागू पडेल हं वहिनी. आमच्या बाळ्याची नाळ आहे, गुणाची." मला कळेना. तिला वाटलं मी लाजतेय. "तुमच्या सासूबाईंनी मागून नेली ना, पडली त्याच दिवशी. केळ्यात देतात म्हणे."

मी घागर तिथेच ठेवली आणि मोरीत जाऊन ओकले. पोटात काही उरलं नाही तरी ओकत राहिले. एका लेकराच्या पोटावरची सुकलेली, पिकलेली खपली मी खाल्ली होती. सुमनच्या बाळाला मी स्वतः मांडीवर घेऊन न्हाऊ घातलं होतं, त्या नाळेला तेल लावलं होतं. तेव्हा काही वाटलं नव्हतं. आता त्याच बाळाचं रडणं भिंतीतून आलं तरी घशाशी यायचं. त्याचीच जास्त शरम वाटे. लेकराची किळस येणारी बाई लेकरू मागते, आणि देवानं ऐकावं म्हणते.

तिथून जे सुरू झालं ते थांबेना. भाताच्या वाफेनं उलटी. यांच्या अंगाच्या रॉकेलनं उलटी. शेडमध्ये सडक्या मण्यांची पाटी शेजारी आली, त्यावर चिलटं घोंघावायला लागली, की मी कात्री टाकून बांधाकडे धावायची. दिवसाला अर्धी भाकरी, तीही पाण्यासोबत ढकलून. आठ-दहा दिवसांत बांगड्या कोपरापर्यंत जायला लागल्या.

आणि सासूबाई हसायला लागल्या.

मला आधी उमगलंच नाही. त्या माझ्या हातातून घागर घ्यायला लागल्या. कैरी आणून चिरून मीठ लावून ठेवायला लागल्या. मग एके सकाळी माझ्या समोर बसून हलक्या आवाजात विचारलं, "तारीख कधी होती?" तारीख टळून गेली होती. मी खरं सांगितलं, की टळली आहे. पुढचं खरं सांगितलं नाही. मला ओकारी कशानं येते ते मला माहीत होतं. पण तारीख टळली तेव्हा मी त्या माहितीवर पदर टाकला. म्हटलं, कोण जाणे. नाळेची किळस ती नाळेची, पण देवाचं काम कुठल्या वाटेनं होईल सांगता येतं का? त्या आठवड्यात मी मोरीत वाकून ओकताना मनात आभार मानत होते. आज ते आठवलं की स्वतःचीच शिसारी येते, आणि त्या पोरीची कीवही येते.

दवाखान्यात जाऊन विचारून घेऊ, असं हे एकदा म्हणाले. सासूबाई म्हणाल्या, "देवाला तपासायला नेणार का? आधी उपकारस्तुती." आमच्या मंडळीत ती रीत होती. नोकरी लागली, ताप उतरला, मूल झालं की कुटुंबानं रविवारी पुढे जायचं, काही अर्पण ठेवायचं, पाद्रीसाहेबांनी नाव घेऊन आभाराची प्रार्थना करायची. पण मिळाल्यावर. मिळायच्या आधी कुणी करत नसे. सासूबाईंना दम नव्हता. सहा वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या नातवंडांसाठी आमेन म्हटलं होतं.

बागेच्या मालकाकडून मी एक पेटी द्राक्षं आणली. मीच साफ केलेले घड, देठानं धरून, लव न पुसता. सासूबाईंनी ती वेदीपुढे ठेवली. पाद्रीसाहेबांनी माझं नाव घेतलं. मंडळी मोठ्यानं गायली. मग बाहेर निघताना दारात सासूबाई पेटी घेऊन उभ्या राहिल्या आणि प्रत्येकाच्या हातावर चार-चार मणी ठेवत गेल्या. लोक तिथेच उभं राहून खात होते. म्हातारे चोखत होते, पोरं एकमेकांच्या तोंडात फेकत होती. माझ्या नावाची द्राक्षं सगळ्या मंडळीनं खाल्ली. मार्थाबाई तेवढ्या दोरी गुंडाळत घंटेखाली उभ्या होत्या. त्यांनीही घेतली, पण माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "पोरी, तू जेवतीस का?" मी म्हटलं, "जेवते."

तीन आठवडे गेले. झावळ्यांचा रविवार आला, ईस्टरच्या आधीचा शेवटचा. शिंदीच्या झावळ्या घेऊन सगळे देवळाभोवती फिरत होते, पोरं पुढे, म्हातारी माणसं मागे, गाणं चाललेलं. माझी झावळी हिरवी, ओली, हाताला टोचणारी. दुसऱ्या फेरीला ओटीपोटात पिळवटून आलं. मला वाटलं उपाशी आहे म्हणून. मग पायावरून काहीतरी उतरलं, ऊन. मी खाली बघितलं नाही. समोरच्या बाईच्या अंबाड्याकडे बघत चालत राहिले. लोक वळून दारातून आत जायला लागले. मी आत गेले नाही. भिंतीला टेकून उभी राहिले. फिक्या रंगाचं पातळ होतं, उपकारस्तुतीला नेसले होते तेच. दोन मुली माझ्याकडे बघून थांबल्या आणि तोंडावर हात ठेवून आत पळाल्या.

तेवढ्यात घंटा वाजायची थांबली. मार्थाबाई आल्या, माझं मनगट धरलं आणि मागच्या बाजूला नेलं. तिथे नळ होता, दगडी चौथरा होता, वर लिंबाचं झाड. त्यांनी स्वतःचं वाळत घातलेलं पातळ दोरीवरून ओढून माझ्याभोवती गुंडाळलं, आणि माझं भिजलेलं पातळ सोडवून घेऊन नळाखाली बसल्या. आतून गाणं ऐकू येत होतं.

"ठेवा मार्थाबाई. मी धुते."

"बस गप तिथं."

"घाण आहे ती."

"घाण कशाची? तुझीच हाय ना."

त्या धूत होत्या. नाक मुरडलं नाही, तोंड फिरवलं नाही, घाईही केली नाही. वेदीचं फडकं ज्या साबणानं धुवायच्या तोच साबण, तोच दगड. गार पाण्यात डाग चोळत होत्या. "ऊन पाण्यात धुवू नये कधी. बसतो डाग," असं मध्येच म्हणाल्या, जणू मला शिकवायला बोलावलं होतं. लालसर पाणी चौथऱ्यावरून लिंबाच्या बुंध्याकडे जात होतं. सहा वर्षांत माझ्या पोटाला इतके हात लागले होते. त्यातला एकही असा नव्हता.

"मूल नव्हतंच मार्थाबाई," मी म्हटलं. "मला माहीत होतं बहुतेक."

"हं."

"आता आत कसं जाऊ? सगळ्यांनी द्राक्षं खाल्ली."

"खाल्ली तर खाल्ली. पचली असतील."

मला हसू आलं आणि रडू आलं. मग मी ते बोलले जे कुणाला बोलले नव्हते. "मला प्रार्थना करता येत नाही आता. तोंड उघडलं की ओकारी येते. मागायचं म्हटलं की किळस येते. देवाचीसुद्धा."

त्यांनी चोळणं थांबवलं नाही. "मंग तेच सांग त्याला."

"ओकारीचं?"

"मंग काय. त्याला नाक नाय का? गोठ्यात जन्मला त्यो, शेणामुतात. तुझ्या ओकारीनं उठून जाणार हाय का? मागू नको काय. नुसतं सांग. मी हाय इथं."

मी डोळे मिटले नाहीत, त्या लाल पाण्याकडे बघतच बोलायला लागले. देवा, मला त्या हातांची किळस येते. केळ्याची येते. सुमनच्या बाळाची येते, त्याचा काही गुन्हा नसताना. सडक्या मण्यांची, यांच्या अंगाच्या वासाची. सासूबाईंच्या हसण्याची. दर महिन्याच्या फडक्यांची, ती धुऊन चोरून वाळत घालायची, त्यांना येणाऱ्या वासाची. ज्यांना मुलं झाली त्यांनी देवळात उठून दिलेल्या साक्षींची. माझ्या खोट्या आभारांची. तुझी येते, तू गप्प बसतोस त्याची. एकेक सांगत गेले. मार्थाबाई दगडावर पातळ आपटत होत्या आणि प्रत्येक वाक्याला "हं" म्हणत होत्या, जशी एखादी बाई दुसरीचं गाऱ्हाणं ऐकते. सांगायचं संपलं तेव्हा आत गाणं संपलं होतं. पाणी आता पांढरं वाहत होतं.

मला वाटलं आता त्या प्रार्थना करतील आणि शेवटी मूल मागतील, सगळे मागत तसं. त्यांनी ओला हात माझ्या डोक्यावर ठेवला. पोटावर नाही. म्हणाल्या, "प्रभू, हिला आज भाकर जाऊ दे. पोटात राहू दे. आमेन."

एवढीच. सहा वर्षं मंडळी मागत होती की माझ्या पोटात काही राहावं. मार्थाबाईंनी भाकरी मागितली.

मग त्यांनी घंटेच्या खोलीतून आपलं फडकं आणलं. त्यात बाजरीची भाकरी, लसणाची चटणी. "खा." मी घास मोडला आणि वाट बघितली, घशाशी येतंय का. पुन्हा मोडला. अर्धी भाकरी गेली. लिंबाच्या सावलीत बसून मी ती पोटात राहिल्याचं लक्ष देऊन ऐकत होते. राहिली.

उपासना सुटली तशा सासूबाई मागे आल्या. हातात झावळी. मुलींनी सांगितलं असणार. त्यांनी माझ्या अंगावरचं दुसऱ्याचं पातळ बघितलं, चौथरा बघितला, आणि सगळं कळूनही तोंडातून भलतंच निघालं. "मार्थाबाई, ह्या नळावर प्रभुभोजनाचे पेले धुतात."

"मीच धुती की," मार्थाबाई म्हणाल्या. "रक्त ह्या नळाला नवीन हाय का?"

सासूबाई झावळी धरून उभ्याच राहिल्या. मग मार्थाबाईंनी पिळायला पातळाचं एक टोक त्यांच्यापुढे धरलं. सासूबाईंनी झावळी खाली ठेवली, टोक घेतलं. दोघी समोरासमोर उभ्या राहून पिळायला लागल्या, एक इकडे, एक तिकडे, पाणी मधून धारेनं पडत राहिलं. पिळता पिळता सासूबाई म्हणाल्या, माझ्याकडे न बघता, "केळ्यातून मी पण खाल्ली होती. माझ्या सासूनं दिली होती. ह्याच्या वेळेला." आणि पुढचा पीळ देताना, "मला पण ओकारी आली होती."

त्या दिवसापासून मी त्यांना घाबरायची थांबले. माफ केलं का, ते सांगता येत नाही. केळं मी अजून खात नाही.

घरी यांनी एकच विचारलं, "दुखतंय का?" मी हो म्हटलं. हे उठले, साबणानं कोपरापर्यंत हात धुतले, तीनदा धुतले, आणि मग माझ्याजवळ येऊन बसले. रॉकेलचं मी कधी बोलले नव्हते. यांना कसं कळलं कोण जाणे.

मूल झालं नाही. स्पष्ट लिहिते, कारण असं काही कुणी लिहिलं की शेवटी पाळणा येतो आणि वाचणारा सुटकेचा श्वास टाकतो. आमच्याकडे पाळणा आला नाही. पुढे दवाखानेही झाले, तपासण्या झाल्या, थंडगार लोखंडी हत्यारं, पडद्याआड खिदळणाऱ्या कामवाल्या आया. किळस संपली असंही नाही. पण त्या झावळ्यांच्या रविवारनंतर मी दर शनिवारी देवळात जायला लागले, मार्थाबाईंना हातभार लावायला. त्या झाडायच्या, मी बाकं पुसायची. मग नळावर बसून आठवड्यात जे जे साचलं ते सांगायची. त्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात, देवाला. आधी नुसती घाणच निघायची. मग हळूहळू त्यात दुसरं काही यायला लागलं. हौसाबाईनं पदराखाली झाकून दिलेला कांदा. यांचे धुतलेले हात. सुमनचा मुलगा पहिल्यांदा माझ्या दारात चालत आला आणि माझ्या हातून पाणी प्याला, आणि मला काही झालं नाही, तो दिवस. आशा म्हणतात ती मला अशी मिळाली, गाळ उपसता उपसता खालून पाणी लागावं तशी. गढूळच होतं, पण पिता आलं. पूर्वी मी देवाकडे जायची ते तोंड धुऊन, केस विंचरून, काहीतरी मागायला आलेल्या परक्या बाईसारखी. आता मी त्याच्याजवळ घाणेरड्या हातांनी बसू शकते. तो उठून गेला नाही. ह्याच्यापेक्षा मोठा विश्वास मला येत नाही आणि तो असल्याचं मी दाखवतही नाही.

एका साली वेदीचं फडकं त्यांनी माझ्या हातात दिलं. "आता तू धू. माझी बोटं वळत नाय." मंडळीत कुजबूज झाली, की वांझ बाईच्या हातात. सासूबाईच म्हणाल्या, "तिच्याइतकं पांढरं कुणाचं निघतं सांगा." अजून ते फडकं मीच धुते. गार पाण्यात.

आता जे लिहायचं राहिलं ते लिहिते. त्याच्यासाठीच आज बसले.

मार्थाबाई दोन वर्षांपासून सायखेड्याला आहेत, पुतण्याकडे. गेल्या पावसाळ्यात पडल्या आणि मग अंथरूण सुटलं नाही. नाताळात मी गेले होते, बिस्किटं घेऊन. मागच्या पडवीत बाज टाकलेली. लांबूनच वास आला. पुतण्याची बायको दारात उभी राहून म्हणाली, "काकू सगळं जागेवरच करत्यात. मी तरी किती काढू?" तिचाही नाइलाज, दोन लहान पोरं पायात. मी आत गेले. मार्थाबाई एवढ्याशा झाल्या होत्या. पाठीला जखमा होत्या, त्या ओल्या होत्या. मला ओळखलं, हसल्या. म्हणाल्या, "पोरी, जरा कूस बदलून दे."

आणि मला जमलं नाही. मी पुढे झाले, हात घातला, हाताला ओलं लागलं, आणि घशाशी आलं. ते जुनं, दहा वर्षांपूर्वीचं. मी हात काढला. पदर नाकाला लावला. पुतण्याच्या बायकोला हाक मारली. तिनं येऊन एका झटक्यात कूस बदलली, सवयीनं, रागानं. मार्थाबाईंनी माझा नाकाला लावलेला पदर बघितला. तोंड फिरवलं नाही. म्हणाल्या, "जा पोरी. एसटी चुकंल तुझी." एसटीला अजून तास होता.

त्या तासभर मी स्टँडवर बसून होते. समोर गोदावरीचं पाणी, पलीकडे ऊस. हात मी पुन्हापुन्हा धूत होते.

मार्थाबाई, तुम्हाला वाचता येत नाही. पुतण्याच्या मुलीला मी सांगेन, ती वाचून दाखवील. तुम्ही माझ्यासाठी केलंत ते मला एक दिवस फेडायचं आहे, आणि तो दिवस फार लांब टाकायची सोय आता राहिलेली नाही. झावळ्यांचा रविवार उरकला की मी येते. राहायलाच येते, यांना सांगून ठेवलंय. पाणी मी भरीन. जखमांना कोमट आणि लुगड्याला गार, माझ्या लक्षात आहे. मला ओकारी येईल. ती आली की तुमच्या देखत, देवाला मोठ्यानं सांगेन. तुम्ही नुसतं "हं" म्हणा. हात मी थांबवणार नाही.